पिवळाच राहू दे

माझ्या स्कूटरचा हॉर्न दुरुस्त होईपर्यंत उद्यमनगरातल्या गॅरेजात बसलो होतो. गगनबावड्याकडचे एक म्हातारे तिथं आपल्या जुन्या मोटारीचे हेडलाइट उजळ करून घ्यायला आले होते. मिस्त्रीनं पांढरे बल्ब दाखवले, तर हे काळवंडलेल्या रिफ्लेक्टरवर नख वाजवत म्हणाले, "ह्योच चकचकीत कर. उजेड वाढू दे, पर पिवळाच ऱ्हाऊ दे."

मला चौकशी केल्याशिवाय राहवेना. "पांढरा लख्ख पडतो की!"

"पावणं, मला दिसतंय हो. खालच्या वळणाला माझी लाइट दिसली की म्हातारी चुलीवर तवा ठेवती. आता धुक्यात तिला काय दिसंना." मग पांढऱ्या बल्बाकडं बघून मान हलवली. "ह्यो लावला, तर कुणाची तरी गाडी चाललीया म्हणंल, आन् बसंल माझी वाट बघत."