मिरचीचं फडकं

शाळेच्या भिंतीवर पोस्टर चिकटवून मी खळीचा डबा खाली ठेवला, तोच मागून नानांचा आवाज आला, “साहेब, हाई ते बैलनं मुसकं शे!”

नाना म्हणजे गावचे सरपंच. मुसकं म्हणजे मळणीत बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ती जाळी. जमलेली मंडळी खो खो हसली. “आम्ही काय बैल शेतस?” एकानं विचारलं. मला राग आला. पण चार पावलं मागे जाऊन पाहिलं, तर खरंच मुसकं दिसत होतं.

सुरतेला प्लेगची साथ आली त्या वर्षीची ही गोष्ट. मी धुळ्याला आरोग्य खात्यात आर्टिस्ट होतो. सुरतेला कामाला गेलेली आपली माणसं मिळेल त्या गाडीनं परत येत होती आणि गावं त्यांना बिचकत होती. या गावात गिरजाआक्कांचा मुलगा ताप-खोकला घेऊन आला होता. त्याला शाळेच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. डॉक्टरांना प्लेग वाटत नव्हता, पण रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. आईनं नाक-तोंड झाकून जवळ बसायला हरकत नाही, असं सांगून नर्सबाई थकल्या. गाव ऐकेना. म्हणून मला पोस्टर घेऊन पाठवलेलं.

आमच्या कामात ‘प्री-टेस्ट’ असते. छापण्याआधी चित्र चार माणसांना दाखवायचं आणि विचारायचं, यात काय दिसतं? घाईत मी ती गाळली होती. वरून आलेल्या नमुन्यातला ऑपरेशन थिएटरचा मास्क हुबेहूब काढला आणि मोकळा झालो. ऑपरेशन थिएटर आतून पाहिलंय कोणी इथे!

गर्दीतून गिरजाआक्का पुढे आल्या. कपाळावर ठसठशीत गोंदण, हातात भाकरीचं गाठोडं.

“भाऊ, मिरच्या कुटतांना आम्ही नाकले फडकं बांधतस. तसं बांधीसन जाऊ का मना आंडोरजोडे?”

आंडोर म्हणजे मुलगा. त्यांनी तिथंच बांधून दाखवलं. जुन्या लुगड्याचं फडकं, दुहेरी घडी, नाकावरून घट्ट, गाठ मानेवर. “चालेल की!” मी आणि नर्सबाई एकदमच म्हणालो.

नानांनी मान हलवली. “काही झायं ते? तिना घरमा धाकला पोरे शेतस. सरकारना कागदवर हाई फडकं कोठे शे?”

आक्का गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. आत पोरगा खोकत होता. मला फार वाईट वाटलं, कारण अडलं होतं ते माझ्या कागदापाशी. वही काढली, फडकं बांधलेल्या आक्कांचं स्केच केलं आणि पुढच्या एसटीनं धुळं गाठलं.

ऑफिसात आमच्या साहेबांनी स्केच पाहिलं. “वरून आलेल्या नमुन्यात फेरफार करतोस?”

“साहेब, त्या नमुन्याला गाव बैलाचं मुसकं म्हणतंय.”

“आणि ह्याला काय म्हणेल?”

तेवढ्यात आमचे शिपाई रघुनाथभाऊ चहा घेऊन आले. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकदाच पाहिलं. “बाई मिरच्या कुटी राहिनी.”

साहेबांना हसू आवरेना. “झाली तुझी प्री-टेस्ट. छाप. मात्र मी हे पाहिलेलं नाही!”

त्याच रात्री स्क्रीन प्रिंटिंगला बसलो, म्हणजे जाळीदार कापडातून शाई खेचून छापायला. एकच रंग, एकच ओळ: ‘मिरचीला बांधता, तसं खोकल्याला बांधा.’ खाली खात्याचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या पोस्टरवर नवं चढवलं. निम्मा चेहरा झाकलेला, पण गोंदणानं चुगली केलीच. “अरे, हाई ते गिरजाआक्का!” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. या वेळी मीही हसलो. नानांनी ओळ दोनदा वाचली. खात्याच्या नावावरून बोट फिरवलं. मग खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्याच नाकाला बांधला आणि म्हणाले, “चाल वं गिरजा.”

दोघं खोलीत गेले. आतून आक्कांचा पोराला रागावल्याचा आवाज आला, तो ऐकून नर्सबाईंनी डोळे पुसले.

रिपोर्ट आला. साधा हिवताप. पोरगा आठवड्यात उठला. पुढे जळगावच्या ऑफिसनंही त्या पोस्टरच्या प्रती मागवल्या आणि माझं कौतुक झालं. मी ते घेतलं, नाही कशाला म्हणा.

पण नवं पोस्टर लागण्याच्या आदल्या दिवशी त्याच बाईनं, त्याच भिंतीपुढे, तेच फडकं बांधून दाखवलं होतं. तेव्हा ते कोणाला पटलं नाही. छापल्यावर पटलं. पोस्टर आक्कांनीच केलं होतं; मी फक्त त्याखाली खात्याचं नाव घातलं.