मेश्राम सरांच्या पडद्यावरची माझी मिल

मेश्राम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मूलच्या माझ्या राइस मिलमध्ये एका ट्रकवाल्याशी भाड्यावरून भांडत होतो. हृदय बंद पडलं, एवढंच कळलं. फोन ठेवला आणि भांडण पुढे चालू केलं… दीड वर्ष मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

चंद्रपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ते यंत्रं आपोआप चालवायला शिकवायचे. खरी यंत्रं तिथे नव्हती. सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर, सिम्युलेशनमध्ये. म्हणून पोरांना खरी मिल दाखवू का, असं विचारायला ते माझ्याकडे आले. हमालीतून वर आलेला मी, फुकट काही देत नाही. सौदा केला: पोरांनी माझी मिल पाहावी, बदल्यात तिचं कंट्रोल बसवून द्यावं. त्यांनी बसवलं. धान वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या झाकणाला स्विच लावला. झाकण उघडलं की पट्टा थांबणार. पण हंगामात धान सारखं अडकतं. दर वेळी थांबणं परवडेना, म्हणून मी ऑपरेटर सुखदेवला तो स्विच तारेने दाबून बांधायला लावला.

सरांनी एकदा ती तार पाहिली. कोणी बांधली, विचारलं.

"मीनं. तुमच्या पडद्यावर धान अडकत नाई, इथी अडकते."

ते चहा पिऊन गेले. मग मला कॉलेजात बोलावलं. पडद्यावर माझीच मिल, तारेसकट. सर पोरांना म्हणाले, इथे माणूस कुठे मरेल ते शोधा. एका मुलीने झाकण उघडलं. पट्टा चालूच राहिला. पडद्यावरच्या माणसाचा हात आत ओढला गेला. सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहू लागला… मी तिथेच ओरडलो, पोराइसमोर मले खुनी ठरवता काऊन?

सर हळूच म्हणाले, "भाऊ, पडद्यावरचा हात बटन दाबलं का परत येते."

तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. तार हट्टाने तशीच ठेवली. ते गेल्यावर मात्र एका संध्याकाळी मी स्वतः ती कापली.

दुसऱ्या दिवशी तिथे नवी तार होती. पट्टा चालू होता आणि सुखदेवचा हात कोपरापर्यंत झाकणाच्या आत. ओरडलो असतो तर तो दचकला असता. मी ओरडलो नाही. गुपचूप जाऊन मेन स्विच पाडला.

"मालक, बंद काऊन केलं? धान अडकून राह्यलं होतं ना."

आता रोज मिल सुरू करण्याआधी मी त्या झाकणावरून बोटं फिरवतो. बहुतेक दिवशी नवी तार हाताला लागते.