शेंदूरवाडीची अवेळी घंटा

शेंदूरवाडीच्या हायस्कुलाची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता. दारातल्या लिंबाला तो साखळीनं टांगलेला असे आणि त्यावर पहारीच्या तुकड्याचे टोले पडत. दहा वर्षं हे टोले एकाच माणसानं दिले. ते म्हणजे शाळेचे शिपाई, नागप्पामामा.

मामा शाळेत आले ते शिपाई म्हणून नव्हे, दगड फोडायला. बहात्तरच्या दुष्काळात गावानं शाळा बांधायला घेतली. खायला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि हाताला काम नाही, अशा दिवसांत निदान पोरांना तरी चार भिंती मिळाव्यात म्हणून. मामांनी पायाचा दगड फोडला, त्यांच्या बायकोनं, गौरम्मानं, डोक्यावरून पाट्या वाहिल्या. त्यांची पाच वर्षांची लेक उमादेवी दुष्काळात वाटलेल्या सुकडीची वाटी घेऊन खडीच्या ढिगावर बसलेली असे. खोल्या उभ्या राहिल्या आणि मामा तिथंच राहिले, दगडासारखे.

मामांची एक सवय होती. ते निजामाच्या राजवटीत तिसरीपर्यंत उर्दूतून शिकलेले. तिथले मास्तर संध्याकाळी टाळी वाजवून म्हणायचे, "मदरसा बरखास्त!" म्हणजे शाळा सुटली. आणि पोरं उधळायची. मामांच्या लेखी जगात त्याहून गोड शब्द नव्हता. साडेपाचचा लांब टोला दिला की तेही ओरडायचे, "बरखास्त!" पोरं दुपारपासूनच त्यांच्या मागं लागत.

"मामा, बरखास्त कवा?"

"तुझा बाप लुगडं नेसंल तवा! जा, पाढे म्हण."

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. पण त्या साली पावसानं पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला, दोन दिवसांआड टँकर येऊ लागला, आणि आईबापांबरोबर पोरंही रोजगार हमीच्या तळ्यावर माती वाहायला जाऊ लागली. वर्ग ओस पडले. त्यातच नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला, की अधिकारी येऊन मुलं मोजणार. पटावरची किमान सत्तर मुलं जागेवर बसलेली दिसली नाहीत, तर शाळेची मान्यता पुढं चालणार नाही.

हेडमास्तर ज्ञानोबा सर मूळचे बिलोलीकडचे, बोलायला मऊ. त्यांनी मामांना बोलावलं.

"मामा, शाळा गेली तर पोरं तीन कोसांवर शिरूरला जातील. पण पोरी?"

उमादेवी दहावीत होती. दहावीपर्यंत पोचलेली गावातली ती पहिलीच मुलगी. गौरम्मानं आधीच बजावलं होतं, "गावात शाळा हाय तंवर शिक माय. न्हाईतर रेवणप्पाच्या पोराचं स्थळ आलेलंच हाय."

आठ दिवस मामा तळ्यावर हिंडले. एकेका बापाचे पाय धरले. "एक दिवस पोर दे रे, नुसतं बसवायला दे." मोजणीच्या दिवशी सकाळी चौऱ्याहत्तर मुलं शाळेत बसली होती. मामांनी तीनदा मोजली.

साहेब दहाला येणार होते. बारा वाजले, दोन वाजले. हेडमास्तर फाट्यावर जीपची वाट बघत उभे. राहिलेले दोघं मास्तर आणखी चार पोरं मिळतात का बघायला शेजारच्या वाडीवर गेलेले. शाळेत मोठं माणूस म्हणजे एकटे मामा. पोरं भुकेनं चुळबुळ करायला लागली होती.

तेवढ्यात शिरूरहून सायकलीवर पोस्टमन शरणप्पा आला. त्यानं एक सरकारी लखोटा मामांच्या हातात दिला.

"रस्त्यात जीप दिसली का रं?"

"कुठली जीप? कुत्रं न्हाई रस्त्यावर."

हेडमास्तर येईपर्यंत लखोटा ठेवायला हवा होता. पण दिवस मोजणीचा, शिक्का कचेरीचा. मामांनी तो फोडला. आतला कागद छापील, शाई फिकी, घडीवरची अक्षरं पुसलेली. मराठी अक्षरं मामा बोट ठेवून वाचत. "जिल्हा विभाजनामुळे... शाले..." पुढं घडी आली. घडीच्या पलीकडं मात्र शब्द ठळक होता. "आजपासून बरखास्त."

"काय म्हणतेत साहेब?" शरणप्पानं विचारलं.

"शाळा बरखास्त म्हणतेत."

"नव्या जिल्ह्याची सुट्टी दिली आसंल. मग कशाचं येतेत ते!"

मामांना ते पटलं. सरकारनं त्यांना समजणारा एक तरी शब्द लिहिला, याचंच त्यांना बरं वाटलं. ते लिंबाखाली गेले. दहावीच्या खिडकीतून उमादेवी म्हणाली, "आप्पा, आत्ताच? सर तर आले न्हाईत."

"सरकारचा कागद हाय!"

लांब टोला पडला. "बरखास्त!" मामा ओरडले, आणि चौऱ्याहत्तर पोरं धूळ उडवत चहूकडं पांगली. कुणी तळ्याकडं आईच्या भाकरीला गेलं, कुणी बोरीच्या रानात.

अर्ध्या तासात जीप आली. चाक फुटलं होतं म्हणे. पुढं साहेब, मागं ज्ञानोबा सर. सर खाली उतरले आणि रिकाम्या वर्गांकडं बघत उभेच राहिले.

"पोरं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

मामांनी अदबीनं कागद पुढं केला. साहेबांनी तो उन्हात धरला, नीट वाचला आणि परत दिला.

"अहो, तालुक्याची जुनी शालेय सल्लागार समिती बरखास्त झालीय. शाळा नाही."

पायांखालचा दगड मामांनी स्वतः बसवलेला, तोही सरकल्यासारखा वाटला. मग काय झालं कुणास ठाऊक, ते धावत लिंबाखाली गेले आणि टोले हाणायला लागले. एकामागून एक, श्वास न घेता. पोरं परत यावीत म्हणून.

पण अवेळी एकसारखी घंटा वाजली की गावात तिचा एकच अर्थ असे: आग लागली. गेल्याच साली कडब्याची गंजी पेटली तेव्हा मामांनी अशीच घंटा बडवली होती. घराघरांतून माणसं धावली. सकाळीच टँकरचं पाणी आलेलं, पिण्याचं, दोन दिवस पुरवायचं. त्याच्या घागरी, कळशा, बादल्या घेऊन म्हातारे-कोतारे, बाया शाळेत शिरल्या. सगळ्यांत पुढं सरजाबाई. ऐंशीची म्हातारी, कमरेवर कळशी.

"कुठं पेटलं रं नागप्पा? कुठं ओतू?"

मामांचे हात थांबले.

साहेब पाणी घेऊन उभ्या असलेल्या त्या गर्दीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, यातली पटावरची किती?"

पटावरची नऊ निघाली. नववी-दहावीतून उमादेवी तेवढी पळत आली होती, तिच्याही हातात घागर होती.

"घंटा कुणी दिली?" साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. पण आधी ज्ञानोबा सर बोलले, "माझ्या सांगण्यावरून दिली, साहेब."

साहेबांनी नऊ आकडा मांडला. बाया आपापल्या घागरी, थेंब न सांडता, घरी घेऊन गेल्या. मामांना कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर शाळा बंद झाली. पोरं सायकलीनं शिरूरला जाऊ लागली. शाळेतल्या सहा पोरींपैकी आधी एकही गेली नाही. मामा महिनाभर भिंतीला टेकून बसून होते, जेवण दिलं तर जेवत. एका सकाळी उमादेवी दप्तर घेऊन उंबऱ्यात आली.

"तीन कोस जवान पोरगी एकटी जाणार व्हय?" गौरम्मा कडाडली.

मामा उठले. त्यांनी खुंटीवरचा खाकी सदरा झटकून अंगात घातला.

"एकटी कशाला?" ते म्हणाले.

मार्चपर्यंत ते रोज तिच्याबरोबर शिरूरला गेले. दिवसभर तिथल्या शाळेच्या फाटकापाशी बसत. संध्याकाळची घंटा होई. पोरं लोंढ्यानं बाहेर पडत, पण मामा जागचे हलत नसत. उमादेवी समोर येऊन उभी राही आणि दर वेळी न चुकता सांगे, "सुटली आप्पा शाळा. उद्या हाय."

मगच ते उठत.