सुनीताचा खरा हात

टक् टक् टक् असा आवाज करत बॉलिंगचा जड बॉल लेनवरून गेला आणि टोकाच्या दहापैकी तीन पिना उभ्याच राहिल्या. सुनीताकडे हा एकच बॉल होता. रविवारी पुण्यात राज्याच्या टीमची निवड होती.

"काका, ह्यो आवाज कशाचा?" तिने मला विचारलं.

"अंगठ्याच्या भोकाचा. बॉल त्याच्यावरनंच घरंगळतोय."

मी सातारच्या एमआयडीसीत जन्मभर ड्रिल चालवलं. रिटायर झाल्यावर हायवेवरच्या बॉलिंग सेंटरात बॉलला बोटांची भोकं पाडून देतो. लेनवर तेल असतं. बॉल जिथे टेकून फिरतो तिथे त्याच्या अंगावर तेलाचं कडं उमटतं, तो ट्रॅक. सोडताना अंगठा आधी निघतो की बोटं, यावर तो ठरतो. बॉलच्या आत जड गाभा असतो. त्याच्यापासून भोकं कुठे पाडली, यावर कडं कुणीकडे सरकत जाईल ते ठरतं. हा लेआउट.

तिचे कोच म्हणाले, "बॉल राहू द्या, तिचा हात सुधारायला हवा."

"एकदा बघू तरी द्या," मी म्हणालो.

मी टेप घेऊन उभा राहिलो. तिने बॉल टाकला. आवाजच नाही. परत टाकला, तरी नाही. आधी भोकं पाडली त्या पुण्यातल्या दुकानातही माप घेताना हेच झालं असणार. शिंप्यापुढे आपण पोट आत घेतो, तशी ती मापापुढे ताठ झाली होती.

"झालं माप. आता खेळ निवांत," म्हणून मी पाठ फिरवली आणि डोळे मिटले. दुपारची वेळ. एसीची घरघर आणि लांब जाणारा बॉल. पाटाचं पाणी ऐकत बांधावर पडल्यासारखं वाटत होतं. झोप येणार, एवढ्यात टक् टक् सुरू झालं.

"आता कसा टाकलास?"

"ध्यानच न्हवतं, काका. ल्हानपणी औंधाकडं जुंधळ्यात गोफण मारायची, तसा हात गेला बगा."

गोफणीत अंगठा आधी सुटतो. हाच तिचा खरा हात. त्या थ्रोचं कडं मी खडूने आखून घेतलं. जुनी भोकं बुजवली, दुसऱ्या दिवशी नव्या लेआउटने पाडली. पुन्हा चुकलं असतं तर तिचा रविवार गेला होता. लिव्हर ओढताना मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

तिने मोकळ्या हाताने टाकला. बॉल गुपचूप लांब गेला, स्वप्नात जातो तसा, आणि शेवटी आत वळला. मला फार बरं वाटलं.

रविवारी तिचा फोन आला. "काका, नाव लागलं."

सोमवारी कोच पेढे घेऊन आले. "बघितलंत? हात सुधारला की नाही तिचा?"

मी पेढा घेतला. हात सुधारण्यापेक्षा भोक सरकवणं सोपं असतं. फक्त ते कोचला सांगू नये.