मी बोललो आणि ठराव पडला

आमच्या गावाची यात्रा चैत्रात असते आणि त्या आठवड्यात गावात अख्ख्या देशाच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. नंबरपाटी तमिळनाडूची, केरळची, आसामची, बंगालची. नवख्या माणसाला वाटावं, इथं कसलं तरी अखिल भारतीय अधिवेशन भरलंय. तसं काही नसतं. विट्याकडच्या आमच्या गावांत घरटी एक तरी माणूस गलाईला गेलेला असतो, एवढंच. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. रान कोरडवाहू, पाऊस लहरी, म्हणून आमच्या आधीची माणसं मूस आणि भट्टी घेऊन बाहेर पडली आणि जिथं सराफांची गल्ली दिसली तिथं भाड्याची खोली घेऊन बसली. मी स्वतः वीसेक वर्षं ओडिशात, कटकला होतो. आता ते दुकान मुलगा बघतो आणि मी गावात बसून लोकांना सल्ले देतो. कुणी मागितलेले नसतात, पण म्हणून द्यायचे थांबवता येत नाहीत.

आम्ही असे बाहेर गेलो आणि आमच्या मागं गावात यंत्रमाग आले. मागावर कामाला ओडिशाची माणसं आली. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या आणि गलाईवाल्यांची घरं वर्षाचे अकरा महिने कुलूप लावून उभी होती. मग कुणाच्या भावानं, कुणाच्या चुलत्यानं ती भाड्यानं दिली. माझ्या परड्यातल्या खोलीतही एक जोडपं राहत होतं. तो मागावर, ती कांड्या भरायला. तिला आठवा महिना लागला होता आणि माझी बायको तिला रोज ताक-भाकरी पोचती करत होती. मला वाटायचं ताक उरतं म्हणून देते.

यंदा यात्रेला कोइमतूरचा आमचा एक गलाईवाला चार दिवस आधीच आला. बघतो तर घराच्या पुढच्या खोलीत मागावरची चार पोरं, आणि मच्छरदाणीची दोरी थेट त्याच्या वडिलांच्या तसबिरीच्या खिळ्याला बांधलेली. त्याचं डोकं फिरलं. पारावर येऊन तो म्हणाला, "गाव आपलं राह्यलं न्हाई."

वर्षातून आठ दिवस गावात येणारा माणूस हे बोलला आणि आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. सगळ्यात जोरात माझी हलली.

दुसऱ्या दिवशी ठराव तयार. गावात बाहेरच्यांना खोली द्यायची नाही, आहेत त्यांनी यात्रेच्या आत रिकामी करायची. सरपंचानं मला वाचून दाखवला. मी म्हणालो, "'बाहेरचे' म्हंजे मोघम वाटतंय. 'परप्रांतीय' करा. वजन येतंय." शब्द माझा. तो ठरावात गेला म्हणून मी घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलंही.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आनि ती गरवार बाई जाईल कुटं?"

"बघतील की कुठंतरी."

"आपुन बघितलं व्हतं तसं?"

"अगं, आपलं वेगळं होतं. आपण धंद्याला गेलो होतो."

"आनि ती काय यात्रंला आल्याती?"

मी सभेसाठी आणलेली नवी टोपी घालून बघायला लागलो.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी गाव एकदम शांत वाटायला लागलं. थोड्या वेळानं कळलं, माग बंद आहेत. एरवी खटखट इतकी असते की ती थांबली की कानाला दडा बसल्यासारखं होतं. आणि मग मागाच्या शेडांकडनं माणसं चालत येताना दिसली. पुरुष पुढं, बायका मागं, काहींच्या कडेवर लेकरं. हातात पुठ्ठे. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भाडे देतो, कष्ट करतो, राहू द्या'. घोषणा हिंदीत होत्या, पण देणाऱ्यांनाच सवय नसल्यानं निम्मे लोक 'जिंदाबाद' म्हणून झाल्यावर उरलेल्यांचं सुरू व्हायचं. आमच्या परड्यातली बाईही होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पुठ्ठा. सकाळी तिची अंथरुणं बांधून दारात ठेवलेली मी पाहिली होती आणि बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

सभा देवळापुढच्या पटांगणात होती. ती माणसं येऊन समोरच बसली. मागाचे मालक कडंला उभे राहिले, सुतकात असल्यासारखे. सरपंच गडबडला. हिंदी त्याची अशी की समोरच्याला आपलंच चुकलं असं वाटतं. तो माझ्याकडं वळला.

"तात्या, तुमास्नी त्यांची भाषा येतीया. जरा समजावून सांगा. म्हनावं, सभा हाय, उठा, घरला जावा."

खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्या ओडियाच्या बढाया गाव कित्येक वर्षं ऐकत होतं, आज पुरावा मिळणार होता. मी नवी टोपी घातली होती. माइक हातात घेतला. यात्रेसाठी कर्णे आदल्या दिवशीच बांधले होते, वेशीपर्यंत आवाज जात होता.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "भाईमाने, शुणन्तु." म्हणजे भावांनो, ऐका.

सगळा घोळका गप्प झाला. त्यांच्या चेहऱ्यांवर असं काही आलं की मी पुढचं विसरलो. गावात आल्यापासून त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा गावचा माणूस मीच पहिला; परड्यातल्या जोडप्याशीही मी भाड्यापुरतं हिंदीच बोलायचो. आणि इथंच घात झाला. माझी ओडिया दुकानातली. भट्टीपुढं बसून गिऱ्हाइकाशी जेवढी लागते तेवढी. तिच्यात 'सभा सोडून निघून जा' असलं वाक्यच नव्हतं. मी शोधलं, सापडलं नाही, आणि जे तोंडात तयार होतं ते बाहेर पडलं. "थोडं थांबा. गरम आहे. हात लावू नका. तुमचा माल तुमच्या डोळ्यांसमोरच आहे."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्यातला एक म्हातारा कारागीर हात जोडून उठला आणि त्यानं विचारलं, "आपणंक घर केउँठि?" तुमचं घर कुठं?

हा प्रश्न मला कटकात रोज कुणी ना कुणी विचारायचं. दुकानापासून खोली कुठं, असा त्याचा अर्थ असायचा. मी विचार केला नाही. तोंडानंच उत्तर दिलं.

"कटक."

चारी कर्ण्यांतून गेलं. कटक.

पहिल्यांदा तो म्हातारा ओरडला, "आम लोक!" आपला माणूस! मग सगळेच ओरडायला लागले. टाळ्या, शिट्ट्या. तिकडं आमच्या लोकांत मागं बसलेला एक निवृत्त सुभेदार उठला आणि छावणीतल्या आवाजात म्हणाला, "आवं तात्या, मग तुमीबी परप्रांतीयच की!"

गाव असं हसलं की पटांगणातली कबुतरं उठली. कोइमतूरवाला तेवढा हसला नाही. तो पुढं आला. "तात्या, कुनाकडनं बोलाय लावलंय तुमास्नी?"

"मी... समजावून सांगतोय."

"कुनाला?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी बायको उठली. ग्रामसभेत ती आजवर कधी बोललेली नाही, घरी भरपूर वाव असल्यामुळं असेल. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. ती कोइमतूरवाल्याला म्हणाली, "बाबा, तुजी बायकू पयल्यांदा तितं गेली, तवा तिला पानी कुनी भरू दिलं?"

तो म्हणाला, "वैनी, त्यो इषय येगळा हाय."

"तुला न्हाई इचारलं. तिला इचारलं."

त्याची बायको पुढच्याच रांगेत बसली होती. नवऱ्याकडं एकदा बघून ती उभी राहिली. "घरमालकिनीनं भरू दिलं," ती म्हणाली. "मला तमिळ येत न्हवतं, तिला मराठी येत न्हवतं. माजी दोनी बाळंतपनं तिनं केली. आईबी पोचली न्हवती, ती पोचली." एवढं बोलून ती खाली बसली आणि मग डोळे पुसायला लागली.

मग बायका थांबेनात. एक गुवाहाटीची, एक राजमहेंद्रीची, एक त्रिशूरची. कुणाला परक्या गल्लीत हळदी-कुंकवाला बोलावलेलं, कुणाच्या पोराला शेजारणीनं तापात रात्रभर मांडीवर घेतलेलं. सगळ्या गोड गोष्टी नव्हत्या. एक म्हणाली, "आमाला खोली सोडायला लावली व्हती. सामान रस्त्यावर. तवा जे वाटलं ते मी ह्या बाईला वाटू देनार न्हाई." आणि तिनं पुठ्ठा धरलेल्या आमच्या भाडेकरणीकडं बोट केलं. त्या बाईला मराठी किती कळलं कोण जाणे, ती उभीच होती. कुणीतरी तिला खुर्ची नेऊन दिली. सरपंचाचीच होती.

उभ्या राहिलेल्या सरपंचानं वारं ओळखलं. तो त्यात पटाईत आहे. "ठरावाच्या बाजूनं असतील त्येंनी हात वर करा," तो म्हणाला.

कोइमतूरवाल्याचा हात निम्म्यापर्यंत गेला आणि तिथूनच टोपी सारखी करून खाली आला. बाकी कुणाचा उठला नाही. एक सोडून.

"तात्या," सरपंच म्हणाला, "तुमचा हात वर हाय."

खरंच होता. तो म्हातारा कारागीर आनंदानं माझ्याजवळ आला होता आणि माझा हात धरून त्यानं उंच केला होता. मी माइकवरच ओरडलो, "हा माझा नाही! ह्यांनी धरलाय!"

ठराव पडला. बाजूनं एक मतही पडलं नाही. त्याच बैठकीत माझ्या बायकोनं दुसरा मांडला, मागाच्या गल्लीला टाकीवरनं नळ द्यायचा, आणि तो टाळ्यांत मंजूर झाला. मागाच्या मालकांचे चेहरे पहिल्यांदा माणसांसारखे दिसले. मला त्या लोकांनी खांद्यावर घेतलं. मी 'अरे, मी नव्हे, मी नव्हे' म्हणत होतो, पण ओडियात ते कसं म्हणतात हे ऐन वेळी सुचलं नाही आणि घोषणा माझ्याच नावानं झाल्या. टोपी कुठं पडली ते कळलं नाही. पुढं हलगी, मागं पुठ्ठे, मध्ये मी, अशी ती मिरवणूक देवळाला वळसा घालून गेली, आणि वाटेत आमचे गलाईवालेही नाचायला लागले. कोइमतूरवाल्याची बायको फुगडी घालत होती. तो काय करत होता ते सांगत नाही, पुन्हा यात्रेला यायचंय त्याला.

घरी आलो तेव्हा परड्यातल्या खोलीपुढची अंथरुणं सुटलेली होती. भाडेकरणीचा नवरा भिंतीपुढं उभा. मला बघून त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, छोट्याच्या झोळीसाठी तुळईला एक कडी ठोकली तर चालेल का.

बायको आतून म्हणाली, "त्यास्नी काय इचारतोस? त्यांचं घर कटकात हाय." आणि हातोडा घेऊन बाहेर आली.