तात्यांच्या पिल्लाला भाकरी कोण घालणार?

माझी बायको म्हणते, रविवारी मी निमगाव केतकीहून परतलो की अंगावर दोनच गोष्टी असतात. कुत्र्याचे केस आणि तात्यांचा एखादा किस्सा. केस झटकले की पडतात. किस्से मात्र सहा वर्षांत इतके साठलेत, की घरी पाहुणे आले की ती दारातच सांगून टाकते, "कुत्र्यांचा विषय काढू नका हं!" तुम्ही काढलाच आहे, तर आता ऐका.

निमगावच्या या तात्यांचं घर पूर्वी मेंढरं राखणारं. आता डाळिंब आणि थोडा ऊस. मेंढरं गेली, पण त्यांच्यामागे पळणारी कारवानी कुत्री तात्यांनी सोडली नाहीत. उंच, सडपातळ जनावर, सुटलं की दिसेनासं होतं. त्यांची कुत्री हिरा दोन वर्षांतून एकदाच वीत असे, कारण तात्या तिला मध्ये पुरती विश्रांती द्यायचे. पिल्लं पाच-सहा, मागणारे पन्नास!

माझं बारामतीत जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. पिल्लांच्या लशी मी पोचवतो, म्हणून तात्या मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून मी दमलो. आणि त्या पन्नासांतला एक मीच. लहानपणापासून मला कारवानी पाळायचंय. सहा वर्षं मी मागतोय आणि सहा वर्षं तात्या एकच विचारतात, "भाकरी कोण घालणार?"

त्यांचं म्हणणं, पिल्लू मागायला येतो एक, मिरवतो तोच, आणि दोन वेळची भाकरी घालायचं काम पडतं घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात. तेव्हा जो घालणार, तो समोर पाहिजे. आता माझी बायको वैशाली कुत्र्याला इतकी घाबरते, की शेजारचं भुंकलं तरी ती गॅस बंद करून आतल्या खोलीत जाते. म्हणजे झालंच!

*

एकदा एक काळी मोठी गाडी आली. उतरले ते दादा म्हणाले, "तात्या, वाघासारखं पिल्लू द्या. किंमत तुमी बोला!"

"भाकरी कोण घालणार?"

"कामाला मानूस हाय की."

"मग त्यालाच धाडून द्या," तात्या म्हणाले. "पिल्लू त्याला देतो. तुमी अधूनमधून जात जावा त्याच्या घरी, बघायला!"

*

बारामतीचे एक साहेब आले. बूट काढावेत की नाही, यात पाच मिनिटं गेली. मग विचारलं, "पिल्लाच्या आईवडिलांचे पेपर आहेत का?"

तात्यांनी हिराकडे बोट केलं. "ही आई. बाप तितं बांधावर झोपलाय. कागद कशाला, समक्ष बघा की! तुमची आई कुठं असती?"

"गावाकडं. एकटीच असते."

"तिला भाकरी कोण घालतं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निघाले. मला वाटलं, हा माणूस काही परत येत नाही.

महिन्याभरानं आले. सोबत आई. म्हातारी कुणाला काही न विचारता हिराशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "कुत्र्याच्या निमित्तानं का हुईना, पोरानं बारामतीला आणलं बाबा मला!"

तात्यांनी सगळ्यांत तगडं पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं.

*

इंदापूरकडच्या एका हॉटेलवाल्यानं हस्की घेतला होता. तोच तो, बर्फावर गाडी ओढणारा. एप्रिलात त्या बिचाऱ्यासाठी घरातला एकुलता एक एसी चालू आणि घरची माणसं बाहेर पडवीत वारा घेतायत!

"त्याच्या आईला बघितलंवतं का घेताना?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय. मोबाइलवर फोटो आलावता."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "बरं, आता हितं काय काम काढलं?"

"एक कारवानी द्या. आमचा हस्की कुनालाबी शेपूट हलवतोय. परवा एकानं बिस्कीट दावून त्याला पार चौकापतूर नेला. त्याला राखायला एक कुत्रं पायजे!"

तात्या इतके हसले, की धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पिल्लू दिलं नाही. पण उन्हाळाभर आठवड्यातून एकदा ते त्या हस्कीला बघायला जात होते. ओलं पोतं कुठं अंथरायचं, पहाटे किती फिरवायचं, सगळं शिकवून आले.

*

पिल्लू दिलं की तात्या दोन महिन्यांनी न सांगता तपासणीला जातात. बावड्याला एका घरी आम्ही माझ्या गाडीतून गेलो, तर पिल्लू आखूड साखळीला बांधलेलं. तात्या सरळ त्याच्याशेजारी बसले आणि साखळीचा उरलेला पदर स्वतःच्या पायाला गुंडाळला.

मालक धावत आला. "तात्या, वर बसा की! च्या टाकलाय."

"बांधलेल्या मानसाला वर कसं येता यील? हितंच आना."

गल्ली जमा झाली. मालक रडकुंडीला आला. "अवो, सोडलं आन पळून गेलं म्हंजी?"

"पोटभर खाऊ घाला, माया करा. कशाला पळतंय? तुमचं पोरगं गेलं का पळून?"

आतून मालकीण ओरडली, "तेबी गेलंय की पुण्याला! दिवाळीलाबी आलं न्हाय!"

तात्यांनी घाईघाईनं चहाच मागवला. पण साखळी सुटली.

*

कऱ्हाटीची एक बाई एकटीच एसटीनं आली. तात्यांनी विचारायच्या आतच म्हणाली, "भाकरी मीच घालनार. पन घरात अजून कुनाला इचारलं न्हाय."

"घालनारीच आलीया," तात्या म्हणाले, "आता इचारायचं कुनाला?"

*

यंदा हिरा शेवटची व्याली. म्हातारी झाली ती, आता पुन्हा नाही, असं तात्यांनी सांगितलं. चार पिल्लं गेली, एक मादी राहिली. मी धीर करून म्हणालो, "तात्या, भाकरी मीच घालीन."

"करता येती?"

"शिकतो."

"शिका. पास-नापास हिरा करंल."

वैशालीनं परात माझ्यापुढे सरकवली आणि हसत बाहेर गेली. पहिल्या रविवारी हिरानं माझी भाकरी हुंगली आणि नाकानं माती लोटून झाकून टाकली. "पुरली!" तात्या म्हणाले. दुसऱ्या रविवारी एक घास घेतला आणि तात्यांकडे बघत बसली. "जळालीया म्हनं," तात्यांनी निकाल वाचला.

तिसऱ्या रविवारी सकाळी दोन भाकरी करून मी डब्यात ठेवल्या आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर वैशाली चप्पल घालून तयार. "मीपण येते. गाडीतच बसेन. काचा लावून!"

तात्यांकडे डबा उघडला. हिरानं भाकरी चार घासांत संपवली आणि हात चाटायला लागली. मी आनंदानं ओरडलोच! तात्यांनी डब्यातली दुसरी भाकरी उचलून उजेडात धरली. गोल, पातळ, टम्म फुगून पापुद्रा सुटलेली.

"डॉक्टर, ही तुमी केली?"

मी भाकरीकडे बघितलं. मग गाडीकडे.

तात्यांनी पिल्लू उचललं, माझ्यासमोरून सरळ गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली. मग आणखी थोडी. मग पूर्ण. वैशालीनं डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात पुढे केले.

निमगावपासून तिनं डोळे उघडले नाहीत आणि पिल्लू खालीही ठेवलं नाही. जंक्शन गावाच्या अलीकडे एक ट्रॅक्टर आडवा आला, मी जोरात हॉर्न दिला, तर डोळे मिटूनच माझ्यावर खेकसली, "अहो, हळू! झोपलीय ती."