अर्लीनचं काम सॉलिड आहे

अर्लीन नोफ्झिगर आमच्या भूगोल विभागात आली तेव्हा मी तिथे सात वर्षं मुरलेला होतो. ओहायोच्या वायव्य कोपऱ्यातलं सपाट गाव, मक्याच्या शेतांत उभं केलेलं सरकारी विद्यापीठ आणि विभागात आम्ही नऊ जण. बाकीचे सगळे मला ‘अच्यू’ म्हणत. इकडे शिंकेचा आवाज असाच काढतात, त्यामुळे मी खोलीत शिरलो की कोणी ना कोणी ‘गॉड ब्लेस यू’ म्हणून हसायचं. पहिल्या वर्षी मीही हसलो. नंतर दात तेवढे दाखवत राहिलो.

अर्लीननं आल्या आल्या मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "तुझं खरं नाव कसं म्हणतात? हळू सांग, मी मठ्ठ आहे." मी सांगितलं. तीन दिवस ती जाता-येता पुटपुटत होती. चौथ्या दिवशी तिनं लांबलचक व्हरांड्याच्या त्या टोकावरून स्वच्छ ‘अच्युत’ अशी हाक मारली. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण. माझी बायको शैला म्हणायची, "एका हाकेवर विकला गेलास." खरं होतं ते.

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बाप शेतांच्या पोटात मातीचे नळ पुरायचं काम करायचा. आमचा हा सगळा मुलूख शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दलदल होता. घोडा पोटापर्यंत रुतायचा म्हणे. शेतकऱ्यांनी चर खणून, नळ पुरून ती दलदल उपसली, तेव्हा कुठे मका उभा राहिला. ते चर कोणी खणले, कोणाच्या शेतातून नेले, त्यावरून कोण कोणाच्या जिवावर उठलं, हा अर्लीनचा विषय. विभागात तिला ‘गटारबाई’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ‘काय रे डबक्या’ म्हणून परतवायची.

तिचं काम बघण्यासारखं होतं. राज्याच्या जुन्या सरकारी अहवालात चरांचा एक नकाशा होता. सगळे विद्वान डोळे मिटून तोच छापत आले होते. अर्लीनला त्यातला एक चर डोंगर चढताना दिसला. आमच्याकडे डोंगर नाहीत, उंचवटा म्हणा, पण पाणी उंचवट्यावरही चढत नाही. मग ही बाई अकरा तालुक्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. तळघरांत, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, चार वर्षं. शेतकऱ्यांचे मूळ अर्ज एकेक करून वाचले आणि दाखवून दिलं की कुठल्याशा कारकुनानं दोन रकाने अदलाबदल करून उतरवले होते. त्या नकाशावर उभी असलेली निदान तीन जाडजूड पुस्तकं त्यामुळे लंगडी झाली. तिनं त्याचा गाजावाजा केला नाही. एका लेखात तळटीप दिली, बस्स. पुस्तक लिहीत होती. त्याचं प्रत्येक प्रकरण माझ्याकडे यायचं. वाचून मी खूश व्हायचो, आणि थोडा जळायचोही. इतकं घट्ट काम मी जन्मात केलेलं नाही.

इकडच्या विद्यापीठात सहा वर्षं उमेदवारी करायची. मग एकतर कायम, नाहीतर आणखी एक वर्ष शिकवून चालते व्हा. मधलं काही नाही. अर्लीनची पाळी आली तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. घरी म्हातारी आई, जिला सोडून ती कुठे जाऊ शकत नव्हती, आणि गेली असती तरी त्या वयात दुसरीकडे कोण विचारतं? शिवाय तिचे चर इथे होते. नोकरी गेली की पुस्तकासाठी लागणारी सुट्टी, प्रवास, ग्रंथालय सगळंच जाणार, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

विभागातल्या प्रत्येकानं तिच्या संशोधनावर बंद पाकिटात अभिप्राय द्यायचा होता. मी एक दुपार दार लावून बसलो. मैत्रिणीबद्दल फार गोड लिहिलं तर पक्षपात वाटेल, म्हणून ठरवलं की एकच पान लिहायचं, पण त्यात एक असा शब्द टाकायचा की विषय संपला पाहिजे. मी दादरला कॉलेजात असताना आमच्यात सर्वांत वरचा शब्द एकच होता. सिक्सर बसली, सॉलिड. पोरगी आवडली, सॉलिड. प्राध्यापकानं वर्ग गाजवला, सॉलिड. त्याच्या वर काही नव्हतंच. मी इंग्रजीत लिहिलं, ‘अर्लीन नोफ्झिगर यांचं संशोधन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सॉलिड आहे.’ सही केली. पाकीट चिकटवताना अगदी छाती भरून आली होती.

मार्चमध्ये डीनचा निकाल आला. नाही.

अर्लीननं विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे दाद मागितली. त्यामुळे पाकिटं फुटली आणि कागद तिच्या हातात पडले. तिच्या बाजूनं बोलायला उभा राहिला ड्वाइट पेल्टियर. आमच्यातला सर्वांत म्हातारा, हवामान शिकवायचा आणि तोंडाचा फटकळ. त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात नेलं आणि डीनच्या निर्णयाची प्रत माझ्या सूपशेजारी आपटली.

"हे वाच. ‘उमेदवाराला सर्वांत जवळून ओळखणारे सहकारीसुद्धा त्यांच्या कामाला सॉलिड यापलीकडे काही म्हणू शकले नाहीत.’ हा सहकारी कोण, अच्यू?"

"मी. मग? चांगलंच म्हटलंय की."

ड्वाइटनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, या पत्रांत प्रत्येक जण बुद्धिमान असतो. जो बुद्धिमान नाही तो असामान्य असतो. असामान्य नाही तो उत्कृष्ट. उत्कृष्टही नाही, त्याला म्हणतात आश्वासक. आणि ज्याच्याबद्दल काही म्हणजे काहीच सुचत नाही, पण माणूस वेळेवर येतो, त्याला सॉलिड म्हणतात. सॉलिड म्हणजे टेबल! चार पाय आहेत, डोकं नाही."

मी सूप बाजूला सारलं. खरं सांगतो, अठरा वर्षं या देशात काढून मला हे माहीत नव्हतं. मला कधी कोणी शिकवलं नाही, आणि असली पत्रं मी तोपर्यंत फारशी वाचलीही नव्हती.

"आता?" मी विचारलं.

"आता सोपं आहे. रसेलनं त्याच्या पत्रात लिहिलंय ती मनमिळाऊ आहे, कॉनरॅडनं लिहिलंय विषय अरुंद आहे. ते माझं मी बघतो. डीनचा सगळा डोलारा तुझ्या एका शब्दावर उभा आहे. समितीसमोर मी तुला विचारीन की इंग्रजी तुझी मातृभाषा नाही, तेव्हा या शब्दाचं इथलं वजन तुला माहीत नव्हतं का? तू म्हणायचं, हो, माहीत नव्हतं. एवढंच. खोटंसुद्धा बोलायचं नाहीये."

"म्हणतो की. त्यात काय!"

आणि मी मनापासून म्हणत होतो.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी स्वतः कायम झालो तो अडखळत झालो होतो. माझ्या फाइलीत विद्यार्थ्यांचे शेरे होते, ‘सरांचं बोलणं कळत नाही’, ‘सरांनी आधी इंग्रजी शिकावं’. एकानं तर शिंकेचं चित्र काढलं होतं. मी ज्या भाषेत चार पुस्तकं लिहिली तिच्यावरून माझी अशी परीक्षा झाली होती. ते मी कोणाला, शैलालाही, कधी दाखवलं नाही. एकट्या अर्लीनला तेवढं दाखवलं होतं.

एप्रिलमध्ये ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सुनावणी झाली. लांब टेबल, पांढऱ्या पेल्यांत पाणचट कॉफी, मध्ये टेपरेकॉर्डर. समितीवर पाच जण, सगळे दुसऱ्या विभागांतले. डीनच्या वतीनं विद्यापीठाचा वकील. अर्लीन खिडकीशी बसली होती, निळा स्वेटर घालून, हात मांडीवर ठेवून. आपल्या मालकीच्या शेतात मोजणी चालू असताना शेतकरी बांधावर बसतात, तशी. मी आत गेलो तेव्हा तिनं मान हलवली.

ड्वाइटनं ठरल्याप्रमाणे विचारलं, "प्राध्यापक महाशय, इंग्रजी तुमची मातृभाषा नाही. तेव्हा सॉलिड या शब्दाचं अशा पत्रातलं वजन तुम्हाला माहीत नसावं, असं म्हणता येईल का?"

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. पण एक क्षण थांबलो असेन. तेवढ्यात समितीवरची एक बाई, रसायनशास्त्राची, पुढे वाकली. चेहऱ्यावर दया. आणि बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्हाला – प्रश्न – समजला – का?"

माझं डोकं फिरलं. सगळं एकदम वर आलं, ते शेरे, ते चित्र, ते ‘गॉड ब्लेस यू’. मी ताठ बसून म्हणालो, "मॅडम, प्रश्न मला उत्तम समजला. मी वयाच्या पाचव्या वर्षापासून इंग्रजी शिकतो आहे. लिहिताना मी शब्द विचार करून वापरतो. सॉलिड लिहिलं, कारण मला सॉलिडच म्हणायचं होतं."

 ड्वाइट घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे तुम्हाला त्या शब्दातून—"

"साक्षीदारांनी उत्तर दिलं आहे," वकील म्हणाला. "माझा एकही प्रश्न नाही."

तेव्हाही वेळ होती. मी हात वर करून म्हणू शकलो असतो की थांबा, आमच्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पण मग त्या बाईचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी कोट सावरला आणि बाहेर पडलो. अर्लीनकडे बघितलं नाही.

तिघं विरुद्ध दोघं. नाही ते नाहीच राहिलं.

घरी शैलाला सांगितलं, सगळं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "एक हो म्हणायचं होतं ना रे? एक हो?" आणि आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

उरलेलं वर्ष अर्लीननं नेहमीसारखं शिकवलं. मला भेटली की ‘अच्युत’ म्हणायची, हवापाण्याचं बोलायची. प्रकरणं पाठवणं बंद झालं. मी विचारलंही नाही. निरोपाच्या दिवशी तिनं बटाट्याच्या लगद्यावर घालतात त्या घरच्या शेवयांचं मोठं पातेलं आणलं, सगळ्यांना वाढलं, पातेलं घासून गाडीत ठेवलं आणि गेली. पुस्तक पुरं झालं नाही. ती लंगडी पुस्तकं अजून ग्रंथालयात आहेत, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात, आणि त्यांत तो चर अजून उंचवटा चढतो.

मी तिला भेटायला गेलो सात वर्षांनी, आणि तेही माफी मागायला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला जुन्या चराचा नकाशा हवा होता. तालुक्याच्या इंजिनिअरच्या कचेरीत चौकशी केली तर तिथले लोक म्हणाले, "अर्लीनला विचारा, तिला सगळं पाठ आहे." ती तिथे चरांच्या देखभालीच्या नोंदी ठेवायची.

काउंटरपलीकडे ती फोनवर होती. केस पार पांढरे. "हो मर्ल, बीव्हरनं काटक्यांचा बांध घालून चर अडवलाय, कळलं मला. अरे मी त्या जनावराला नोटीस पाठवू का? परवा माणसं येतील. नाही, तू बंदूक घेऊन जायचं नाही. बायकोला दे फोन." मला बघून तिनं बोटानं थांब म्हटलं. फोन ठेवून हसली. ते हसू बघून मला बळ आलं.

नकाशा तिनं दोन मिनिटांत काढून दिला. मी गेलो नाही. म्हणालो, "अर्लीन, त्या दिवशी मी जे बोललो... त्या बाईनं मला असं विचारलं, की मी—"

"मी तिथेच होते, अच्युत."

"मला ड्वाइटनं सगळं समजावलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं."

"ठाऊक आहे." तिनं काउंटरवरची पेन्सिल उचलून जागेवर ठेवली. "ड्वाइट तयारच नव्हता तसं विचारायला. म्हणाला, बिचाऱ्याला लागेल. मी म्हटलं, विचार. तो प्रश्न माझा होता. तुला कुठे दुखतं ते त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं."

"मग तरीही?"

"तरीही." ती माझ्याकडे सरळ बघत होती, रागानं नाही. "तू माझ्यासाठी एक मिनिट सोसशील, असं मला वाटलं होतं."

मागे कोणीतरी शेतकरी नंबर लावून उभा होता. अर्लीननं मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी झालो.